प्रवासाची पूर्वपरवानगी व आपली जबाबदारी

पारपत्र व तिकीट हातीं आलें कीं परदेशगमनाची सिद्धता झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु आतां कित्येक देश प्रवासी विमानांत बसण्यापूर्वींच त्याची चौकशी करतात. ऑस्ट्रेलियानें १९९६ सालीं संगणकाद्वारें प्रवासाची परवानगी देण्याचा प्रघात पाडला. अमेरिकेनें १२ जानेवारी २००९ पासून, ज्यांस व्हिसा लागत नाहीं अशा पाहुण्यांवरही ती बंधनकारक केली. आणि २ एप्रिल २०२५ पासून ब्रिटननें, आयरिश नागरिक वगळून, युरोपीय पाहुण्यांसही हा नियम लागू केला. ब्रिटनच्या या परवानगीस 'ईटीए' म्हणतात.

हा नियम आपल्यापासून दूर नाहीं. गोव्यांतील कित्येक कुटुंबांत एका भावाजवळ पोर्तुगालचें, तर दुसऱ्याजवळ भारताचें पारपत्र असतें. ब्रिटनमध्यें आप्तांस भेटावयास जातांना पहिल्यास ही परवानगी पुरते. दुसऱ्यास ती मिळतच नाहीं, त्यानें व्हिसाच काढला पाहिजे.

हें काम दलालाच्या हवालीं करून निश्चिंत राहण्याची चाल आम्हांस घातक वाटते. परवानगी पारपत्राच्या क्रमांकाशीं जोडलेली असते. एक अंक चुकला, अथवा पुढें नवें पारपत्र काढलें, तर ती निरुपयोगी ठरते. कडेवरच्या मुलासही ती स्वतंत्र घ्यावी लागते. विमानतळावर ती नसल्याचें आढळलें, तर कितीही गयावया केली तरी कंपनीचा कारकून विमानांत बसूं देत नाहीं. कारण दंडाचें भय कंपनीसही आहे. दलाल मात्र त्या वेळीं तेथें नसतो. शिवाय, २०२५ सालीं १० पौंडांचें सरकारी शुल्क १६ पौंड झालें. मध्यस्थ त्यावर आपली दलाली चढवितात ती निराळीच.

याहून महत्त्वाची गोष्ट सत्याची. अर्जांत पूर्वींच्या गुन्ह्यांविषयींही प्रश्न असतात. आपल्या नांवानें दुसऱ्यानें लिहिलेल्या असत्याचें उत्तर अखेर आपणांसच द्यावें लागतें.

कोणी म्हणतील, वृद्धांस हें कसें साधावें? विद्यार्थिमित्रहो, येथेंच तुमचें शिक्षण उपयोगीं पडावें. आजीआजोबांजवळ बसा, प्रत्येक प्रश्न त्यांस मराठींत समजावून सांगा, त्यांच्या तोंडून उत्तर घ्या आणि पारपत्राशीं अक्षरन् अक्षर ताडून पाहा. निदान तीन कामाचे दिवस हातीं ठेवा. परवानगी मिळाली तरी प्रवेश देणें न देणें तेथील अधिकाऱ्याच्या हातीं असतें, हेंही त्यांस सांगा.

जाणत्याचें साहाय्य घेण्यास आमची हरकत नाहीं. न वाचतां संमति देण्यास आहे.