माणूसघाणं गाणं? छे!

रश या कॅनडियन बँडचं 'लाइमलाइट' लावलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "काय शिष्ट माणूस आहे! लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि हा म्हणतो मला एकटं सोडा." हा आरोप मला साफ नामंजूर आहे.

गाणं १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स' या अल्बममधलं. गातो गेडी ली, पण शब्द ड्रमर नील पिअर्टचे. म्हणजे लाजाळू माणसाचं गाऱ्हाणं दुसराच कोणीतरी हजारोंपुढे उंच आवाजात गातोय. त्यात मध्येच सात मात्रांचे तुकडे येतात. टाळ्यांचा ठेका धरायला जावं तर हात चुकतो. मला हे फार आवडतं: गाणंच तुम्हाला जरा लांब उभं करतं.

आता नीट ऐका. त्यात प्रेक्षकांचा तिरस्कार कुठे आहे? वाजवायला त्याची ना नाहीच. नकार आहे तो ओळख नसताना ओळखीचं सोंग करायला. पिअर्टने चाळीस वर्षं मंचावर घाम गाळला. चाहत्यांना भेटायला बाकीचे दोघे जायचे, हा मात्र कार्यक्रम संपताच पुढच्या गावाला निघालेला असायचा. तिकीट ड्रम ऐकण्याचं होतं. खांद्यावर हात टाकून फोटो काढण्याचं नव्हतं.

दुसरी टोळी सहानुभूतीवाली. त्यांना या गाण्यात नैराश्य दिसतं. आपल्याकडे दार लावून बसलेल्या पोराला "बरं नाही का रे?" विचारतात, तशातलं हे. अ‍ॅलेक्स लाइफसनचा गिटार सोलो एकाकी वाटतो, कबूल. स्वतः लाइफसनचा तो आवडता सोलो आहे. पण एकांत मागणं हा आजार नव्हे. पिअर्टवर खरं दुःख कोसळलं ते गाण्यानंतर सोळा वर्षांनी. १९९७ मध्ये मुलगी अपघातात गेली, वर्षाच्या आत बायको कर्करोगाने. तेव्हा तो मोटरसायकल घेऊन निघाला आणि सुमारे ८८,००० किलोमीटर हिंडला. त्यावर पुढे 'घोस्ट रायडर' हे पुस्तकही लिहिलं. म्हणजे सांगायचं ते त्याने सांगितलंच, फक्त कधी आणि किती ते स्वतः ठरवलं.

निळी टिक दिसूनही उत्तर आलं नाही म्हणून रुसणाऱ्या आपल्याला हे झेपत नाही. समोरच्याचा वेळ आपल्या मालकीचा आहे असं आपण धरूनच चालतो, आणि तो मिळाला नाही की त्याला माज आला म्हणतो. माज नक्की कोणाला आलाय?

७ जानेवारी २०२० ला पिअर्ट मेंदूच्या कर्करोगाने गेला. जगाला कळलं तीन दिवसांनी. आजार साडेतीन वर्षं चालला होता. ली आणि लाइफसन, दोघांनाही माहीत होतं. दोघांनीही तोंड उघडलं नाही.