उत्पन्नाची वाटणी कागदावरच ठरावी

गोव्यातील हॉटेल, औषधविक्रेता वा सहकारी पतसंस्था संगणकप्रणाली घेते, तेव्हा बहुधा दोन व्यवहार एकत्र होतात. मूळ प्रणालीचा परवाना बाहेरच्या कंपनीचा असतो. ती ग्राहकाच्या गरजेनुसार बदलून देण्याचे काम स्थानिक लहान आस्थापना करते. बिल मात्र एकच निघते आणि वादाचे बीज तेथेच पडते.

समजा, एकूण बिल ५ लाख रुपयांचे आहे. त्यात परवान्याचे २ लाख, तर बदलांचे ३ लाख. स्थानिक भागीदाराला परवान्यातून ४० आणि बदलांच्या कामातून ८० टक्के देण्याचे ठरले असेल, तर त्याच्या पदरी ३ लाख २० हजार पडतात. हेच बिल परवाना ४ लाख आणि बदल १ लाख असे फोडले, तर हिस्सा २ लाख ४० हजारांवर येतो. काम तेच, ग्राहक तोच. तरीही ८० हजारांची तूट. म्हणजे टक्केवारीइतकेच महत्त्व बिलाची फोड कोण करतो, याला आहे. त्यावरील १८ टक्के जीएसटी हे उत्पन्न नव्हे. वाटणी कराआधीच्या रकमेवर, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न मालकीचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती ठरते. नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक, अन्यथा करार नसल्यास, मालक-आस्थापना असते. स्वतंत्र कंत्राटदाराबाबत मात्र हक्क आपोआप पैसे देणाऱ्याकडे जात नाही. हस्तांतर लेखीच लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षे, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. दुसरीकडे, मूळ प्रणालीत फेरफार करण्यासाठी मूळ मालकाची परवानगी अनिवार्य असते. त्यामुळे एका ग्राहकासाठी केलेला बदल कंपनीने पुढे दहा जणांना विकल्यास तो घडविणाऱ्याला काय मिळणार, याचे उत्तर करारातच हवे.

मुक्त परवान्याची वाट निराळी आहे. मुंबईच्या फ्रापे कंपनीची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही प्रणाली जीपीएल परवान्याखाली उपलब्ध आहे. तेथे परवानाशुल्काच्या वाटणीचा प्रश्नच उरत नाही. कमाई होते ती बदल, प्रशिक्षण आणि देखभालीतून.

बंदिस्त प्रणालीवर काम करणाऱ्यांना मात्र करारच तारतो. बिलाची फोड, वार्षिक देखभालीतील हिस्सा, हिशेब तपासण्याचा अधिकार, करार संपल्यावर जुन्या ग्राहकांचे काय, या चार बाबी त्यात असाव्यात. मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. लहान आस्थापनेकडे बहुधा ओळख आणि विश्वास. विश्वास हे व्यवहाराचे भांडवल खरे, पण वाद उभा राहिला की शब्द कागदाचाच चालतो.