साठीनंतरची एकचाकी

व्यापारी कुटुंबांत साठी उलटली की गल्ल्याच्या किल्ल्या पुढील पिढीच्या हाती जातात आणि ज्येष्ठांची हालचालही नकळत कमी होते. दुकानापर्यंतची फेरी, दिवसभराची ऊठबस, गोदामाचा जिना हे सारे थांबते. शरीराचा तोल राखणारी यंत्रणा मात्र वापरानेच टिकते. डोळे, अंतःकर्ण आणि सांध्यांतून येणाऱ्या संवेदना यांच्या मेळावर माणूस उभा असतो. हा मेळ मंदावला की न्हाणीघरातील एखादी घसरण खुब्याच्या हाडावर बेतते. म्हणूनच उतारवयात तोलाची एखादी विद्या नव्याने शिकावी काय, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

अशा विद्यांपैकी सर्वांत अवघड भासणारी म्हणजे एकचाकी सायकल. आपल्याकडे बहुतेकांनी ती सर्कशीच्या तंबूतच पाहिलेली असते. परदेशांत मात्र साठी ओलांडलेली माणसेही ती शिकतात. तिला चेन नसते, ब्रेक नसतो. पायडल थेट चाकाच्या आसाला जोडलेले असतात. पाय थांबले की चाक थांबते, पाय उलटे फिरवले की चाक मागे जाते. स्वार पुढे झुकला की चाक पुढे नेऊन पुन्हा शरीराखाली आणावे लागते. तळहातावर काठी उभी धरणारे मूल हात सतत हलवीत राहते, तसाच हा प्रकार. येथे स्थिर राहणे म्हणजे क्षणोक्षणी चूक दुरुस्त करणे होय.

वय झाल्यावर असे शिकता येते काय? जर्मनीतील संशोधकांनी २००८ साली साठीच्या आसपासच्या व्यक्तींना तीन चेंडू झेलण्याची कसरत तीन महिने शिकवली. तरुणांच्या तुलनेत त्यांची प्रगती कमी झाली. तथापि हालचाल टिपणाऱ्या मेंदूच्या भागात वाढ दिसून आली आणि सराव थांबल्यावर ती ओसरली. ब्राझीलमधील २०२२ सालच्या एका अभ्यासात ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ व्यक्तींना दहा सेकंद एका पायावर उभे राहण्यास सांगण्यात आले. सुमारे एक पंचमांश व्यक्तींना ते जमले नाही आणि पुढील काही वर्षांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. तोल ढळल्यानेच मृत्यू ओढवतो, असा याचा अर्थ नव्हे. परंतु तोल हा प्रकृतीचा एक विश्वसनीय ताळेबंद आहे, हे निश्चित.

शिकण्याची रीत साधी आहे. वीस इंची चाक घ्यावे. पायडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ राहील, इतकी सीट उंच ठेवावी. भार पायडलवर न देता सीटवर द्यावा आणि नजर समोर ठेवावी. प्रथम कठड्याला धरून अर्धा फेरा, मग एक, मग दोन. हेल्मेट, मनगट व नडगीची संरक्षक साधने अनिवार्य समजावीत. इगतपुरीसारख्या पावसाच्या व चढउताराच्या गावी रस्त्यावर सराव न करता एखाद्या सभागृहाची कोरडी, सपाट फरशी शोधणे श्रेयस्कर.

याच गावाच्या घाटात आधाराचा एक उत्तम दाखला सापडतो. कसाऱ्याहून चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावली जातात, कारण चढ ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. इगतपुरीस चढ संपताच ती सोडून देतात. शिकणाऱ्याच्या मागे असलेल्या मुलाने वा नातवाने नेमके हेच करावयाचे असते. हात फार लवकर काढला तर अपघात होतो आणि काढलाच नाही तर विद्या कधीच येत नाही.

खरा अडसर बहुधा गुडघ्यांचा नसून प्रतिष्ठेचा असतो. ज्यांच्या शब्दावर लाखोंचे व्यवहार झाले, त्यांना नातवंडांसमोर धडपडणे रुचत नाही. लिओ टॉलस्टॉय १८९५ साली सायकल शिकले, तेव्हा ते सदुसष्टीच्या उंबरठ्यावर होते. जगप्रसिद्ध लेखक होते आणि त्याच वर्षी त्यांचा जवळजवळ सात वर्षांचा लाडका मुलगा दगावला होता. लोक काय म्हणतील, याची तमा त्यांनी बाळगली नाही.

हाडांचा ठिसूळपणा, चक्कर किंवा रक्त पातळ करणारी औषधे असल्यास एकचाकीचा नाद सोडावा. इतरांनीही आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांना ती झेपणार नाही, त्यांनी भिंतीजवळ एका पायावर उभे राहण्याचा रोजचा सराव करावा. आणि घरातील तरुणांनी 'आता या वयात कशाला?' हा प्रश्न विचारण्याऐवजी आठवड्यातून दोन संध्याकाळी पाठीशी उभे राहावे. ज्येष्ठांना आरामखुर्चीइतकीच या सोबतीचीही गरज असते.