बॅटरी बदलण्याआधी

मागच्या पावसाळ्यात एका पहाटे अम्मीला दवाखान्यात न्यायचे होते. चावी फिरवली तर नुसते ‘टक्’ झाले. पाचव्या वेळी गाडी सुरू झाली. त्याआधी ती दोनदा गॅरेजला जाऊन आली होती. तिथे गेली की हमखास पहिल्या फटक्यात सुरू व्हायची. पहिल्यांदा नवी बॅटरी बसवली, दुसऱ्यांदा स्टार्टर बदला म्हणाले.

शेवटी एका रविवारी मीच बोनेट उघडले. साध्या मल्टिमीटरवर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून मुलाला चावी फिरवायला सांगितली. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली. तिथे जवळपास शून्य दिसायला हवे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर करंटच्या वाटेत अडथळा आहे असे समजावे. माझ्या मीटरवर एकाच्या वर गेला. अर्थिंगची वायर जिथे बॉडीला बोल्टने कसलेली असते, तिथे गंज धरला होता. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढली, सँडपेपरने जागा घासली, बोल्ट घट्ट केला, निगेटिव्ह शेवटी जोडली. तेव्हापासून तक्रार नाही.

मिस्त्रीने फसवले असे मला वाटत नाही. कधीतरीच दिसणारा दोष शोधायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. हजारोंचे पार्टचे बिल आपण निमूट भरतो, पण कोणी ‘नुसते तपासल्याचे’ दोनशे मागितले की घासाघीस करतो. मग त्याने पार्टच बदलावा, नाही तर काय करावे?

आपल्या बाजूचे कामही आपण करत नाही. गाडी थंड असताना अडते की गरम झाल्यावर? एकदाच ‘टक्’ होते, की लागोपाठ ‘टकटक’ होऊन दिवे मंदावतात? दिवे मंदावले तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल असण्याची शक्यता जास्त. इंजिन नीट फिरते पण पेट घेत नाही, तर दोष पेट्रोलच्या किंवा स्पार्कच्या बाजूला शोधायचा. एवढे टिपून मिस्त्रीला सांगा, आणि पार्ट न बदलता त्याने दोष सापडवला तर त्या शोधाचे पैसे घासाघीस न करता द्या.