राखणदार सोबत चालतो

सिंधुदुर्गातील पालक, आजी-आजोबा आणि शिक्षकांना जाहीर आवाहन



आपल्या गावचा राखणदार काय करतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. रात्री वाट चुकलेल्याला तो घराच्या खळ्यापर्यंत आणून सोडतो. वाट मात्र तो कुणाची बंद करत नाही. मुलांनी पडद्यावर काय बघावे, यावरून घराघरांत आणि शाळाशाळांत चाललेले वाद ऐकताना मला हा राखणदार सारखा आठवतो.

आमच्या भागातल्या एका शाळेत सातवीच्या मुलांना ‘श्वास’ दाखवायचे ठरले होते. “पोरां रडतली, कित्याक दाखवतास?” असे काही पालकांनी विचारले आणि बेत रद्द झाला. ‘श्वास’ ही कोकणातल्या आजोबा-नातवाची गोष्ट. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००४ साली तो भारतातर्फे ऑस्करसाठी गेला. नातवाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेआधी हे त्या लहानग्याला सांगितलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह असतो आणि आजोबांची जीभ रेटत नाही. शेवटी ते नातवाला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि दिसते आहे तोवर जग दाखवून आणतात. मुलाला खरे सांगावे की नाही, हाच ज्या चित्रपटाचा प्रश्न, तोच आपण मुलांपासून लपवला. मला त्याचे फार वाईट वाटले.

आपण स्वतः कसे वाढलो, ते आठवून बघा. जत्रेच्या रात्री पालखी फिरून आली की दशावतार उभा राहायचा. आम्ही पोरे अगदी पुढे, चटईवर. काळा राक्षस संकासुर आला की पोटात गोळा यायचा. राक्षसाची आरोळी, पखवाजाची थाप, लाकडी तलवारींची खणाखणी, आणि पाठीमागून आजीचा हात, “भिया नको, मी आसय मां.” पहाटे दहीकाला व्हायचा. रात्रीचा राक्षस गालावरचा रंग तसाच ठेवून देवळाच्या पायरीवर चहा पीत बसलेला दिसायचा आणि भीती आपोआप ओसरायची. त्या खेळात वध होता, कपट होते, विलाप होता. आमचे वय कुणी विचारले नाही, पण आम्हाला एकटेही कुणी सोडले नाही.

याचा अर्थ काहीही बघू द्यावे, असा नाही. पावसाळ्यात आपण मासेमारी बंद ठेवतो. त्या बंदीला कारण असते आणि मुदत असते. चित्रपटावरच्या वयाच्या शिक्क्यालाही तसेच कारण हवे. आपल्याकडे पूर्वी ‘यू’ (सर्वांसाठी) आणि ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) ही दोनच प्रमुख प्रमाणपत्रे होती. १९८३ साली मधले ‘यूए’ आले. २०२३ च्या कायदादुरुस्तीने त्याचे तीन भाग केले: ७+, १३+ आणि १६+. त्या दुरुस्तीतली एक गोष्ट प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावी. ‘ए’ चित्रपटाला मुलांना सोडायचे नाही, हे चित्रपटगृहावर बंधन आहे. ‘यूए’ची खूण मात्र पालकांच्या माहितीसाठी आहे आणि ती पाळायची की नाही, हे पालकच ठरवणार. कायद्याने हा निर्णय आपल्या हाती दिला आहे.

आपण मात्र तो दोन तऱ्हांनी टाळतो. एकीकडे, जेवताना गप्प बसावे म्हणून दोन वर्षांच्या पोराच्या हाती मोबाईल देतो. तिथल्या रील्सना कुठल्याही मंडळाचे प्रमाणपत्र नसते. दुसरीकडे, काही खटकले की ते सगळ्यांसाठीच बंद करा म्हणतो. २००८ साली पालकांच्या तक्रारींवरून ‘शिनचान’ हे कार्टून देशभर बंद झाले होते; पुढे काटछाट होऊन परत आले. २०१६ साली ‘द जंगल बुक’ या मुलांच्याच चित्रपटाला थ्रीडीतली दृश्ये भीतिदायक म्हणून ‘यूए’ मिळाले. त्याच वर्षी आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या भुताखेतांच्या टीव्ही मालिकेला आपल्या जिल्ह्यात विरोध झाला, ती बंद करण्याची मागणी झाली. अंधश्रद्धा वाढेल, ही विरोध करणाऱ्यांची काळजी खरी होती. पण भूत नसते, हे मुलाला टीव्ही बंद करून कळत नाही. शेजारी बसून बोलल्यावर कळते.

म्हणून माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

चित्रपट किंवा मालिका लावण्याआधी वयाची खूण वाचा. ओटीटीवर ती दाखवणे २०२१ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलूप देणेही. ते लावायला शिका. येत नसेल तर शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला विचारा.

एखादी गोष्ट खरेच अयोग्य वाटली तर त्या ओटीटीकडे लेखी तक्रार करा. पंधरा दिवसांत त्यांना निर्णय द्यावा लागतो. पण तक्रारीआधी ती गोष्ट स्वतः पूर्ण बघा.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे हा विषय मांडा. वर्षातून चार-पाच चांगले चित्रपट शाळेत दाखवा, पालकांनाही बोलवा आणि संपल्यावर अर्धा तास मुलांना बोलू द्या. मूल रडले तर रडू द्या, पण उठून जाऊ नका.

आणि जत्रेला मुलांना घेऊन जा. तिथे तुमच्या आजीने जे केले, तेच घरच्या पडद्यासमोर करायचे आहे.

रापणीचे जाळे किनाऱ्यावर ओढताना दोराला हात लावायला आपण पोरांना बोलावतो. दर्याचे भय असते, तरी बोलावतो, कारण दोराच्या पुढच्या टोकाला आपण उभे असतो. पडद्यासमोरही तसेच उभे राहा. आजपासून, निदान आठवड्यातली एक संध्याकाळ, आपल्या मुलाशेजारी बसा आणि तो बघतो ते बघा.