लग्नघरचा आठवडा

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी पत्रिका येऊ लागतात. त्यांत एखादी आपल्या बालमित्राच्या घरची असते. नातीचे लग्न नाशिकला आहे आणि फोनवर आग्रह आहे, 'दोन दिवस आधीच या.' मग घरात चर्चा सुरू होते. मुले काळजीपोटी म्हणतात, 'तुम्हांला दगदग झेपणार नाही, आम्ही जाऊन येतो.'

माझे मत स्पष्ट आहे. अलीकडे मोठे आजारपण वा शस्त्रक्रिया झालेली नसेल आणि डॉक्टरांची मनाई नसेल, तर आपण अवश्य जावे. पंच्याहत्तरीनंतर जुने सोबती वर्षागणिक कमी होत जातात. दगदग होते ती बहुधा लग्नाला जोडून आखलेल्या बेतांची. 'नाशिकला जातोच आहोत, तर त्र्यंबकेश्वर करू, वणी करू, परतताना शिर्डी,' असे ठरते आणि चार दिवसांत तीन देवस्थाने होतात. सप्तशृंगगडाला आता फनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे पाचशेच्या आसपास पायऱ्या टळतात हे खरे. पण घाटाचा रस्ता आणि रांगेतले उभे राहणे टळत नाही. फार तर एक दर्शन ठेवावे, तेही लग्नाच्या आदल्या दिवशी नको.

प्रवासाविषयी थोडे. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. सवलत चांगलीच, पण मुंबईहून येणाऱ्या ज्येष्ठांना मी रेल्वेच सुचवीन, कारण डब्यात स्वच्छतागृह असते. वाटेत लघवीला जावे लागेल या भीतीने अनेक जण, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. परिणामी उभे राहताच चक्कर येते, बद्धकोष्ठता होते, मूत्रमार्गाचा संसर्गही होऊ शकतो. मार्गिकेलगतचे आसन घ्यावे आणि घोट घोट पाणी पीत राहावे. लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास ती परस्पर बंद करू नये. त्या दिवशी कोणत्या वेळी घ्यावी, हे डॉक्टरांना आधी विचारावे. सलग चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून घोटे वरखाली हलवावेत, तासाभराने आधार घेऊन उभे राहावे. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली, तर ती चोळू नका; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकाएकी धाप लागली, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. नाशिकरोड स्थानकापासून शहर आठ-दहा किलोमीटर आहे, तेव्हा वाहनाची व्यवस्था आधीच झालेली बरी.

लग्नघरात खरी परीक्षा मधुमेहींची असते. मुहूर्त साडेबाराचा असला, तरी फोटो, आहेर आणि भेटीगाठी होऊन पान वाढले जाईपर्यंत अडीच वाजतात. सकाळी साखर कमी करणारी गोळी घेतलेली असते आणि नाश्ता नऊचा असतो. अशा वेळी दरदरून घाम येतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. भोवतालच्यांना वाटते, गर्दीने त्रास झाला. तो गर्दीचा त्रास समजून थांबू नये. शुद्धीवर असताना लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. जेवणाआधीचे इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय घेऊ नये. पिशवीत बिस्किटे असावीत आणि यजमानांना 'आम्हांला साडेबारालाच वाढा' असे सांगायला संकोचू नये. लग्नघरात त्याचा कोणी राग धरत नाही.

स्वागतसमारंभ बहुधा संध्याकाळी, मोकळ्या लॉन्सवर असतो. नाशिकची थंडी बाहेरगावच्यांना ठाऊक नसते. शेजारचे निफाड तर नीचांकी तापमानासाठी दरवर्षी बातम्यांत येते. गारठ्यात रक्तदाब वाढतो. पैठणीवर शाल शोभत नाही, हा विचार त्या संध्याकाळपुरता बाजूला ठेवा. ध्वनिक्षेपकापासून लांबची खुर्ची धरा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला अशा गोंगाटात अर्ध्या तासाहून अधिक बसवू नये. सोबत आलेल्यांनी पाळ्या लावाव्यात. आईजवळ बसलेल्या लेकीलाही मंडपात मिरवायचे असते.

लग्नाचा दुसरा दिवस मोकळा ठेवा. सामान बांधण्याची घाई नको, दर्शन नको. त्या दिवसासाठी एक पुस्तक बरोबर न्या. घाटात ते उघडू नका, मळमळेल. पण दमलेल्या शरीराला पडल्या पडल्या मोबाइल चाळण्यापेक्षा चार पाने वाचण्याने अधिक विसावा मिळतो, असा माझा अनुभव आहे. मोठ्या टायपाचे आणि हलक्या वजनाचे पुस्तक निवडा. पु. लं.च्या 'अपूर्वाई'सारखे प्रवासवर्णन कोठूनही उघडता येते आणि कोठेही मिटता येते. उजेड मागून, खांद्यावरून यावा. पुस्तक उशीवर टेकवावे, म्हणजे मान अवघडत नाही. मोतीबिंदूने अक्षरे पुसट झाली असतील, तर नातवंडाने वाचून दाखवावे. नाशिक तर वाचणाऱ्यांचे गाव आहे. येथील सार्वजनिक वाचनालय 1840 सालचे आहे, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानाचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीपर्यंत पोचवतो. यजमानांच्या कपाटातही काही ना काही सापडेलच.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी मित्राकडे जा. लग्नाच्या दिवशी तो दारात उभा राहून प्रत्येकाला नमस्कार करीत असतो. त्याच्याशी दोन वाक्ये बोलायला मिळाली तरी पुष्कळ. वऱ्हाड परतल्यावर घर एकदम रिकामे होते, नात सासरी गेलेली असते आणि त्यालाही कोणीतरी येऊन बसायला हवे असते. मुलांनी परतीचे तिकीट तिसऱ्या दिवसाचे काढावे, तेही दुपारचे.