एसीच्या आधी अर्थिंग

आरोग्याच्या पानावर एसीचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण नागपूरच्या आपल्या वस्त्यांमधून एक चक्कर मारून पाहा. काल-परवापर्यंत पत्र्याचा कूलर हीच जिथे उन्हाळ्याची सोय होती, त्या गल्ल्यांमध्ये आता भिंतींवर एसीच्या बाहेरच्या पेट्या दिसू लागल्या आहेत. दुकानदारही हल्ली 'हॉट अँड कोल्ड' पुढे करतात. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात गरम, एकाच यंत्रात दोन्ही, आणि वर हप्त्याची सोय. म्हणजे घ्यावा की नाही हा प्रश्न मागे पडला आहे. घेतला जातोच आहे. तो कसा बसवला जातो आणि कसा सांभाळला जातो, हा मात्र सरळ सरळ घरातल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

'आपल्याला कशाला ही श्रीमंती थेरं?' असे म्हणणारी मंडळी आहेत. मला ते पटत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. वर टिना, खाली दहा बाय बाराची खोली, आणि रात्री अकरा वाजताही टिना तापलेल्याच. त्या खोलीत रात्रपाळी करून आलेल्या माणसाने दुपारी झोपायचे कसे? बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या आजीने, पोटुशी बाईने काय करायचे? थंडीचेही तसेच. डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली उतरतो, आणि बाळंतिणीच्या बाजेखाली आजही कोळशाची शेगडी जाते, दार-खिडकी लावून. त्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागेही होऊ देत नाही. ही शेगडी खोलीतून बाहेर काढण्यासाठी एखाद्या घराने गरम-थंड एसी घेतला, तर त्याला मी चैन म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थंडीत घरातले तापमान निदान १८ अंश असावे, असे म्हटले आहे. लहान मुले आणि म्हाताऱ्यांसाठी त्याहून थोडे जास्तच हवे.

गरम करण्याच्या बाबतीत हे यंत्र कॉइलच्या हीटरपेक्षा चांगलेही आहे. कॉइल विजेची उष्णता करते. एका युनिटला एका युनिटाइतकीच. हे यंत्र मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणते, त्यामुळे एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांइतकी ऊब मिळू शकते. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर फेकणारा तोच कंप्रेसर, फक्त एक व्हॉल्व्ह फिरतो आणि गॅस उलटा वाहतो. घेताना एवढे विचारून घ्यावे की यंत्र असे 'हीट पंप'चे आहे की आत नुसती कॉइल बसवली आहे.

आता मूळ मुद्दा. कंपनीचा मुलगा येतो, भिंतीला भोक पाडतो, दोन पेट्या टांगतो, प्लग लावतो आणि तासाभरात निघून जातो. प्लग ज्या बोर्डात लावला, त्या बोर्डाच्या मागे काय आहे, हे कुणी पाहत नाही. आपल्या वस्त्यांत बरीच घरे एकेक खोली वाढवत बांधलेली. वायरिंगही तसेच वाढलेले, दिव्याच्या वायरीतून पंखा, पंख्याच्या वायरीतून कूलर. एक टनाचे यंत्र भर उन्हाळ्यात हजार-बाराशे वॉट तासन् तास ओढते. त्याला मीटरपासून वेगळी तांब्याची वायर हवी, किमान अडीच चौरस मिलिमीटरची. यंत्र दीड टनाचे असेल किंवा अंतर जास्त असेल तर चारची. १६ अँपिअरचा सॉकेट हवा आणि त्याचा स्वतंत्र एमसीबी हवा. बारीक वायर आतल्या आत तापत राहते, वरचे प्लास्टिक वितळते, आणि लाकडी फळी, टिना आणि कपड्यांची दोरी एकाच भिंतीवर असलेल्या घरात पुढे काय होते ते सांगायला नको.

याहून वाईट प्रकार अर्थिंगचा आहे. सॉकेटमधले तिसरे, मोठे भोक अर्थिंगचे. घराला अर्थिंगच नसेल तर काही मिस्त्री सॉकेटच्या आत त्या भोकाला न्यूट्रलची वायर जोडून मोकळे होतात. टेस्टरने पाहिले तर सगळे ठीक दिसते. पण एखाद्या दिवशी वादळात किंवा खांबावर न्यूट्रल तुटली, की एसीची, फ्रिजची, कूलरची सगळी लोखंडी अंगे विजेने भरतात. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे गेल्याच्या बातम्या येतात, त्यात पाणी भरायला गेलेल्या बाया आणि खेळणारी लेकरे असतात. कूलर गेला आणि एसी आला म्हणून हा धोका जात नाही. एसीची बाहेरची पेटीही लोखंडीच आहे, ती पावसात भिजते, आणि आपल्या गल्ल्यांत ती कुणाच्याही हाताला लागेल इतक्या खाली टांगलेली असते.

म्हणून माझे म्हणणे असे की एसीच्या पैशातला पहिला हिस्सा अर्थिंगचा. परवानाधारक वायरमन बोलवावा, मेन बंद करून सॉकेट उघडून दाखवायला सांगावे, आणि जमिनीत खड्डा करून खरे अर्थिंग घ्यावे. नळाच्या पाइपला वायर गुंडाळणे म्हणजे अर्थिंग नव्हे. पाइप आता प्लास्टिकचे आहेत. मे महिन्यात काळी माती कोरडी पडून भेगाळते तेव्हा अर्थिंगही कमजोर होते, त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. मेनजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. त्यावर चाचणीचे एक बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबावे. खटकन पडला तर तो जिवंत आहे. भाड्याने राहणाऱ्यांनी हे घरमालकाकडून करून घ्यावे. सब-मीटरचे पैसे दर महिन्याला घेणाऱ्याने अर्थिंग द्यायलाच हवे.

बाहेरची पेटी २५-३० किलोची असते आणि थरथरते. चार इंची विटेच्या भिंतीवर तिचा स्टँड काही महिन्यांत ढिला होतो. खाली रस्ता असतो, रस्त्यावर मुले असतात. कॉलमला किंवा जमिनीवर पक्का स्टँड घ्यावा. आणि ही पेटी जी गरम हवा फेकते ती कुठे जाते तेही पाहावे. पाच फुटांच्या गल्लीत आपली थंडी म्हणजे समोरच्या वहिनीच्या स्वयंपाकघरात भट्टी, असे होता कामा नये. शक्य असेल तर पेटी गच्चीवर न्यावी. त्यात आपलाही फायदा आहे, कारण कोंडलेल्या गरम हवेत यंत्र जास्त वीज खाते आणि थंड कमी करते. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय गॅस सोडू देऊ नये. पंप आणला नाही म्हणाला तर उद्या या म्हणावे.

डॉक्टरांनी सांगूनही आपण ऐकत नाही अशी एक गोष्ट म्हणजे हवा. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. एका खोलीत सहा माणसे, खिडकी बंद, आणि त्यातल्या एकाला टीबी असेल तर ती खोली सगळ्यांसाठी धोक्याची आहे. एसीच्या जाळीने टीबीचे जंतू अडत नाहीत. अशा घरात उपचार सुरू होऊन डॉक्टर सांगेपर्यंत उघडी खिडकी आणि पंखा एसीच्या आधी. उन्हामुळे एसी लावावाच लागला तर खिडकी थोडी उघडी ठेवावी, बिल वाढले तरी. गॅसवर स्वयंपाक चालू असताना तर एसी बंद आणि खिडकी पूर्ण उघडी. फोडणीचे तेल जाळीवर बसते ते वेगळेच.

ती जाळी दर पंधरा दिवसांनी काढून साध्या पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी. हे काम घरातली आठवीतली मुलगीही करू शकते, आणि मुलगाही. पूर्ण सर्व्हिसिंग उन्हाळ्याआधी एकदा, थंडीआधी एकदा. त्या वेळी 'गॅस कमी झालाय, भरावा लागेल' हे वाक्य हमखास ऐकू येते. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती आधी शोधायला लावावी, मग गॅस वजन करून भरून घ्यावा. नव्या यंत्रांतला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, तेव्हा दुरुस्ती चालू असताना चूल, शेगडी, उदबत्ती काही नको. पाण्याची नळी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडू नये. खाली बादली ठेवत असाल तर ती रोज रिकामी करा, डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो.

बिलाचा हिशेब घरीच करून पाहा. सरासरी ८०० वॉट धरले आणि रोज आठ तास चालवला तरी महिन्याला १९० च्या वर युनिट. घरचे आधीचे नव्वद धरले तर आपण १०० युनिटांच्या स्वस्त टप्प्यातून बाहेर पडून ३०० च्या जवळ पोचलो. आणखी दोन तास वाढवले की तोही टप्पा ओलांडला. २६ अंश आणि सोबत छताचा पंखा, एवढे झोपेला पुरते. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही. टिनेवर किंवा स्लॅबवर पांढरा चुना मारला तर यंत्राचे काम आणखी हलके होते, आणि ज्यांच्याकडे एसी नाही त्यांनाही चुना उपयोगी आहे.

एकेकट्याने वायरमन बोलावला तर तो महाग पडतो आणि घाईत जातो. गल्लीतल्या दहा-बारा घरांनी मिळून बोलवावा, अर्थिंगचे खड्डे एकाच दिवशी करून घ्यावेत. वस्तीत आयटीआय झालेली मुले आहेतच, त्यांनी सोबत उभे राहून काम पाहावे. आणि ज्या वस्तीत विहाराचा हॉल पक्का बांधलेला आहे, तिथे पहिले चांगले यंत्र त्या हॉलमध्ये लागावे असे मला वाटते. मे महिन्याच्या दुपारी टिनाखालची म्हातारी माणसे आणि बाळंतिणी तिथे चार तास बसू शकतील, जानेवारीच्या रात्री अभ्यासिकेतली मुले. वर्गणी काढण्याआधी त्या हॉलचे अर्थिंग तपासून घ्यावे.